हाक आली नाही तर

आमच्या शेवगाव तालुक्यात शेतीच्या विजेचा एक आठवडा दिवसाचा असतो, एक रात्रीचा. रात्री दीड वाजता उठून विहिरीवर कोण जाणार? म्हणून स्टार्टरला ‘ऑटो’ बसवतात. त्या डबीला एकच वाक्य येते : वीज आली, तर मोटर चालू कर. माझ्या मामाच्या विहिरीवर असाच ऑटो होता. एका उन्हाळ्यात पाणी फूटव्हॉल्वच्या खाली गेले, रात्री वीज आली, आणि ऑटोने इमानेइतबारे मोटर चालू केली. ती पहाटेपर्यंत कोरडी चालली आणि जळाली. शेवगावात रिवायंडिंगच्या दुकानात नेल्यावर मिस्त्रीने कॉइलचा वास घेतला, बोट फिरवले आणि विचारले, “विहीर कोरडी होती ना?” मामाने त्याला काहीच सांगितलेले नव्हते.

ऑटोला नियम होता, मिस्त्रीला अनुभव होता. यानाची प्रकृती पृथ्वीवरून कशी सांभाळायची, याचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास वाचताना मला ही जोडी वारंवार भेटत राहिली. मामाच्या विहिरीवर जे झाले, ते एका यानावर १९७८ सालीच होऊन गेले होते. तिथे विहीर कोरडी नव्हती, तरीही ऑटोने घात केला.

व्हॉयेजर-२ हे यान २० ऑगस्ट १९७७ रोजी सुटले. त्यावर रेडिओ संदेश ऐकणारे दोन रिसीव्हर होते, एक मुख्य आणि एक राखीव. मुख्य बिघडला तर राखीव चालू करायचा, हे ठीक. पण तो बिघडला हे यानाला कळणार कसे? ऐकूच येत नसेल, तर ‘तुझा कान गेला आहे’ हेही त्याला सांगता येणार नाही. म्हणून अभियंत्यांनी यानाच्या संगणकात एक घड्याळ ठेवले. सलग सात दिवस पृथ्वीवरून एकही आज्ञा आली नाही, तर मुख्य रिसीव्हर गेला असे समज आणि राखीवावर जा. प्रत्येक आज्ञेनिशी घड्याळ पुन्हा शून्यावर येई. नियम शहाणा होता.

एप्रिल १९७८ मध्ये पॅसाडेनातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जेपीएलमध्ये, माणसे कमी आणि कामे जास्त होती. जुळे यान व्हॉयेजर-१ याच्या कॅमेऱ्यांचा फिरता मंच अडकल्यामुळे सगळ्यांचे लक्ष तिकडे लागलेले होते. त्या धांदलीत व्हॉयेजर-२ला आठवड्याची आज्ञा पाठवायची राहून गेली. ५ एप्रिलला घड्याळाचे सात दिवस भरले. नियमाप्रमाणे यानाने ठणठणीत असलेला मुख्य रिसीव्हर सोडून राखीव लावला.

आता खरी गोम अशी, की राखीव रिसीव्हरमध्येच दोष होता. त्याच्यातला एक कपॅसिटर निकामी झालेला होता. रेडिओवर स्टेशन थोडे इकडेतिकडे सरकले तर आपण बटण फिरवून ते पकडतो. रिसीव्हर हे काम स्वतः करतो, आणि नेमकी तीच शक्ती गेलेली होती. पृथ्वीवरून हाका मारल्या, त्या ऐकू येईनात. बारा तासांनी यान दुसऱ्या नियमानुसार मुख्य रिसीव्हरवर परतले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण अर्ध्या तासाच्या आत तो मुख्य रिसीव्हरच कायमचा बंद पडला. मग पुन्हा सात दिवस थांबणे आले, कारण घड्याळ भरल्याशिवाय यान राखीवावर जाणार नव्हते. एक आठवडाभर ते बहिरे होते आणि पृथ्वीवरचे लोक कॅलेंडरकडे बघत बसले होते.

१३ एप्रिलला संपर्क झाला तो त्या अर्धवट कानातून. त्याची ऐकण्याची पट्टी मूळच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी अरुंद उरली होती, आणि तीही तापमानाबरोबर सरकायची. पाव अंशाने तापमान बदलले तरी पट्टी हलून जाई. यान वळले, एखादे उपकरण चालू झाले, हीटर बंद झाला, की रिसीव्हरच्या आसपासची ऊब बदले. आज ते कुठल्या सुरात ऐकेल याचा आधी हिशोब करायचा आणि पृथ्वीवरून त्याच सुरात हाक मारायची, हे काम तेव्हापासून कायमचे मागे लागले. तापमान फार हलेल असे काही केले, तर ते स्थिर होईपर्यंत आज्ञा पाठवायचीच नाही.

हा हिशोब करणारी माणसे म्हणजे आपल्या मिस्त्रीसारखी. त्यांना यानाचा स्वभाव ठाऊक झाला होता. अमुक वळण घेतले की सूर कुठे सरकतो, अमुक आकडा वर गेला तरी घाबरायचे कारण नाही, तमुक आकडा जरा हलला की मात्र झोप उडवायची. यातले काही कागदावर होते, बरेचसे डोक्यात होते. इथून पुढची गोष्ट ते डोक्यातले बाहेर काढण्याची आहे.

त्याआधी आपल्याकडे काय चालले होते ते सांगायला हवे.

१० एप्रिल १९८२ रोजी भारताचा पहिला बहुउद्देशीय भूस्थिर उपग्रह इन्सॅट-१ए अमेरिकेतून सुटला. तो फोर्ड एरोस्पेस कंपनीने बांधला होता, पण अवकाशात पोचल्यावर सांभाळायचा होता आपल्या लोकांनी. त्यासाठी कर्नाटकात हासन इथे नवे मुख्य नियंत्रण केंद्र उभे राहिले. उपग्रहांच्या या प्रकल्पाची धुरा प्रमोद काळे यांच्याकडे होती. १९४१ साली पुण्यात जन्मलेले काळे थुंब्याच्या रॉकेटतळाच्या अगदी पहिल्या तुकडीतले.

इन्सॅट-१ची बांधणी विलक्षण होती. त्याच्यावर हवामानाचा कॅमेरा होता. तो उष्णता टिपणारा, म्हणून त्याला थंड ठेवणारी एक बाजू कायम गार आकाशाकडे उघडी हवी. त्यामुळे सूर्यपंख दोन्हीकडे लावता येईना, तो एकाच बाजूला लावला. पण सूर्यप्रकाशालाही अगदी बारीक रेटा असतो. एका बाजूला पंख आणि दुसरी रिकामी, म्हणजे एकच बैल जुंपलेली गाडी. ती वळत राहणार. म्हणून दुसऱ्या टोकाला लांब दांड्यावर एक शीड द्यायचे ठरले, तोल सांभाळायला.

वर गेल्यावर एक अँटेना उघडेना. बऱ्याच खटपटीनंतर ती सुटली. शीड मात्र उघडलेच नाही. तोल छोट्या इंजिनांनी सांभाळावा लागे, म्हणजे इंधन खर्ची पडे. आणि मग सप्टेंबर आला. उपग्रहाला पृथ्वी कुठे आहे ते उष्णतेच्या डोळ्याने दिसते. काळ्या गार आकाशात उबदार गोळा शोधायचा आणि तोंड त्याच्याकडे ठेवायचे. त्या डोळ्यापुढे चंद्र आला. चंद्रही उबदार गोळाच. उपग्रहाची पृथ्वीवरची नजर सुटली, तो सावरताना उरलेले इंधन संपले, आणि सात वर्षांसाठी बांधलेला उपग्रह पाच महिन्यांत सोडून द्यावा लागला.

चंद्र कोणत्या दिवशी कुठे असतो हे आपल्या घरातल्या पंचांगातही असते. पण अमुक डोळा वापरात, शीड बंद, इंधन कमी आणि त्यात चंद्र, ही सगळी गाठ एकाच वेळी बसेल असे गृहीत धरून लिहिलेले वाक्य कुठे नव्हते. मला हा प्रसंग अपयश म्हणून सांगायचा नाही. नियमांची वही कशी भरत जाते ते त्यात दिसते. प्रत्येक ओळीमागे एकदा काहीतरी जळालेले असते.

पुढचा इन्सॅट-१बी ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर शटलमधून गेला. त्याचाही सूर्यपंख सुरुवातीला अडून बसला. तो सप्टेंबरच्या मध्यावर उघडला आणि उपग्रहाने पुढे अनेक वर्षे चाकरी केली. १९८४ साली दूरदर्शनची प्रक्षेपण केंद्रे दिवसाला एक या वेगाने उभी राहत होती, ती याच्या जिवावर. गावात पहिला टीव्ही आलेल्या घरापुढे जोडे-चपलांचा ढीग पडायचा. मुंग्या आल्या की कुणीतरी पोरगे अँटेना फिरवायला पत्र्यावर चढायचे. छत्तीस हजार किलोमीटरवरची अँटेना फिरवायला पोरगे पाठवता येत नाही. हासनला बसून आकडे बघायचे, एवढेच हातात असते.

आकडे म्हणजे दूरमापन, टेलिमेट्री. यान स्वतःबद्दल सतत बोलत असते : बॅटरीचा विद्युतदाब, टाकीतला दाब, कुठल्या कोपऱ्यात किती तापमान, कुठला स्विच चालू. असे शेकडो आकडे. १९८०च्या दशकापर्यंत ते काळ्या पडद्यावर रांगेने उमटायचे. प्रत्येक आकड्याला वरची आणि खालची मर्यादा. ओलांडली की इशारा.

यातला घोळ कुठल्याही नर्सला विचारा. मर्यादा ताणून धरल्या तर दिवसभर खोटे इशारे येतात आणि माणूस त्यांच्याकडे बघायचे सोडतो. सैल सोडल्या तर खरा बिघाड हळूच आत शिरतो. शिवाय आकड्याचा अर्थ प्रसंगावर असतो. धावून आलेल्या माणसाची नाडी शंभर असली तर ठीक, झोपलेल्याची असेल तर नाही. यान काय करत आहे हे लक्षात ठेवून आकडा वाचायचा, हे अनुभवी माणसाचे काम. तो रजेवर गेला की अडचण, निवृत्त झाला की मोठी अडचण.

वैद्यकातच याला एक उत्तर मिळाले. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७०च्या दशकात मायसिन नावाचा संगणकी कार्यक्रम तयार झाला. रक्तातल्या जंतुसंसर्गाचे निदान करणारा. त्यात काही शे नियम होते, सगळे ‘जर-तर’चे. जर जंतू या आकाराचा असेल, जर रोग्याला अमुक झाले असेल, तर इतक्या खात्रीने तमुक. नियम डॉक्टरांशी बोलून काढलेले. अशा कार्यक्रमांना ‘एक्स्पर्ट सिस्टीम’ म्हणू लागले, म्हणजे तज्ज्ञाची वही वाचून तर्क चालवणारे यंत्र. त्या काळी या कल्पनेचा डंका जगभर वाजत होता. जपानने १९८२ साली ‘पाचव्या पिढीच्या संगणका’चा प्रकल्प सुरू केला. भारतानेही १९८६च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ज्ञानाधारित संगणकांचा प्रकल्प हाती घेतला. त्याचे एक केंद्र मुंबईत जुहूला होते, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी. तिथे नियम भरण्यासाठी एक रिकामा साचा तयार झाला, त्याचे नाव ‘विद्वान’. ज्याचे जे ज्ञान असेल ते त्याने आत ओतायचे. नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे. आपल्याकडे विद्वान हा शब्द कौतुकाने वापरतात आणि टोमण्यानेही, आणि या यंत्रांना दोन्ही लागू पडले.

पण डोक्यातले बाहेर काढायचे कसे? आमच्या मिस्त्रीला विचारा, जळक्या वासावरून तुला कसे कळले? तो म्हणेल, कळते. फारच मागे लागलात तर म्हणेल, कोरडी चालून जळालेल्याचा वास वेगळा आणि एक फेज जाऊन जळालेल्याचा वेगळा. वेगळा म्हणजे कसा? इथे तो तुम्हाला चहा पाजेल. या क्षेत्रातल्या लोकांनी ज्ञान गोळा करण्याच्या या टप्प्यालाच बाटलीचा गळा म्हटले. संगणक भरधाव, पण माणसाच्या तोंडून नियम थेंबथेंब पडायचे.

ह्यूस्टनच्या जॉन्सन अवकाश केंद्रात हे थेंब गोळा करायची निकड होती. अपोलोच्या काळातली मुरलेली मंडळी पांगत चालली होती. शटलचे नियंत्रण करणारे तरुण जुन्या मेनफ्रेमच्या एकरंगी पडद्यावरचे आकडे वाचायला शिकत होते, आणि शिकायला वर्षे लागत. जॉन मुराटोर या नियंत्रकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. मुख्य संगणकाला हात न लावता टेलिमेट्रीची एक धार बाजूच्या साध्या वर्कस्टेशनवर घेतली आणि तिच्यावर नियम चालवले. चॅलेंजरच्या अपघातानंतर शटल पुन्हा उडाले ते २९ सप्टेंबर १९८८ला. त्या उड्डाणात दळणवळण अधिकाऱ्याच्या टेबलाशी ही व्यवस्था पहिल्यांदा प्रत्यक्ष चालली. जुना पडदा शेजारीच होता. कुणी नव्यावर आंधळा भरवसा ठेवला नाही, पण हळूहळू नजरा नव्याकडे वळू लागल्या. जुना पडदा काय दिसले ते सांगे, नवा काय झाले असावे ते सांगे.

याच केंद्राने १९८०च्या मध्याला ‘क्लिप्स’ नावाचा नियमांचा साचा बनवला. तोवर असे कार्यक्रम बहुतेक लिस्प भाषेत, खास महागड्या यंत्रांवर चालत. क्लिप्स सी भाषेत, कुठल्याही साध्या संगणकावर. माझ्या मते त्या दशकातल्या सगळ्या गाजावाजापेक्षा हा साधा साचा जास्त टिकला.

आणि व्हॉयेजर-२ अजून चालतच होते. गुरू झाला, शनी झाला, युरेनस झाला. ऑगस्ट १९८९ मध्ये ते नेपच्यूनपाशी पोचणार होते. पृथ्वीपासून सुमारे ४४० कोटी किलोमीटर. प्रकाशाला एका दिशेने चार तासांहून अधिक लागतात. यानाचा ट्रान्समीटर वीस-पंचवीस वॅटचा, म्हणजे आपल्या जुन्या झिरोच्या दिव्याहून थोडा मोठा. तो आवाज ऐकण्यासाठी नासाने आपल्या चौसष्ट मीटरच्या अँटेना सत्तर मीटरच्या केल्या, न्यू मेक्सिकोतल्या सत्तावीस तबकड्या मदतीला घेतल्या, ऑस्ट्रेलियातली पार्क्सची आणि जपानची उसुदाची तबकडीही कामाला लावली. भेट एकदाच होणार होती. परत फिरून बघायची सोय नाही.

या भेटीसाठी जेपीएलमध्ये दोन नवी यंत्रे टेबलाशी येऊन बसली. डेव्हिड ॲटकिन्सन, मार्क जेम्स आणि सहकाऱ्यांनी ‘शार्प’ बनवले होते, यानाच्या प्रकृतीविषयी आपोआप तर्क करणारा नमुना, अशा अर्थाच्या इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप. ते लिस्प यंत्रावर चालायचे आणि यानाचा रेडिओ दुवा सांभाळायचे, तोच अकरा वर्षांपासून अधू असलेला संसार. तोवर दुवा सांभाळणारे अभियंते अपेक्षित आकड्यांचे तक्ते, घटनाक्रमाचे कागदी गठ्ठे आणि पडद्यावरचे खरे आकडे यांची डोळ्यांनी सांगड घालत. आत्ता यान कुठल्या अँटेनाला बोलते आहे, तिथे ती क्षितिजापासून किती वर आहे, म्हणजे आवाज किती जोरात यायला हवा, आणि प्रत्यक्षात किती येतो आहे. शार्प ही सांगड क्षणोक्षणी घालू लागले आणि फरक पडला की कारणांची यादी पुढे करू लागले. पावसामुळे? अँटेनाची दिशा चुकली? की यानातच काही झाले? उर्सुला श्वुटके यांच्या गटाचे ‘मार्व्हल’ यानाच्या आज्ञा-संगणकावर नजर ठेवत होते. २५ ऑगस्ट १९८९ रोजी यान नेपच्यूनच्या ढगांवरून जेमतेम पाच हजार किलोमीटर अंतरावरून गेले, तेव्हा ही दोन्ही यंत्रे माणसांच्या शेजारी जागी होती.

यांनी किती वाचवले आणि माणसांनी किती, याचा हिशोब करायच्या भरीला मी पडणार नाही. त्या रात्री माणसेही झोपली नव्हती.

यंत्रांची मर्यादा मात्र त्यांना लिहिणाऱ्यांनाच आधी दिसली. नियमांची वही जितकी जाड, तितकी ती सांभाळणे कठीण. एक नियम बदलला की दुसरा कुठे खटकेल सांगता येत नाही. पुढचे यान वेगळे असले, की वही पुन्हा पहिल्या पानापासून. आणि जे कधी घडलेच नाही, त्याचा नियम वहीत नसतो. तोलाचे शीड बंद आणि पुढे चंद्र, हे कोण लिहिणार?

इथे मुंबईत शिकलेला एक माणूस या गोष्टीत येतो. पांडुरंग नायक पवईच्या आयआयटीतून संगणकशास्त्र शिकून स्टॅनफर्डला गेले, तिथे पीएच.डी. झाले आणि मग नासाच्या एम्स संशोधन केंद्रात लागले. तिथे ब्रायन विल्यम्स यांच्याबरोबर त्यांनी जे लिहिले, त्याचे नाव ठेवले ‘लिव्हिंगस्टन’. आफ्रिकेत फिरलेला तो एकोणिसाव्या शतकातला डॉक्टर. तो शोधप्रवासी होता आणि प्रवाशांच्या प्रकृतीची काळजी घेणाराही, म्हणून हे नाव.

लिव्हिंगस्टनची रीत वेगळी होती. त्याला दुखण्यांची यादी द्यायचीच नाही. त्याला यंत्र कसे बनले आहे ते सांगायचे. ही टाकी, ही झडप, झडप उघडी असेल तर इकडून तिकडे वायू जातो, बंद असेल तर नाही, आणि अडकली तर असे. प्रत्येक भागाचे साधे वागणे तेवढे सांगायचे. मग आकडे आले की ते स्वतः विचार करते : कुठले भाग कसे बिघडले असतील तर नेमके असेच आकडे दिसतील? त्यातली सगळ्यात संभवनीय शक्यता धरायची आणि यंत्र चालू राहील अशी दुसरी वाट शोधायची. वास ओळखणारा मिस्त्री एकीकडे आणि मोटर मुळात कशी चालते हे जाणणारा एकीकडे. पहिला वेगवान असतो. पण कधी न पाहिलेला बिघाड आला तर दुसऱ्याकडे जावे लागते.

विल्यम्स आणि नायक यांनी १९९६ साली ही पद्धत मांडली, आणि पाहता पाहता ती जमिनीवरून उचलून थेट यानात बसवायची ठरली. आता नियंत्रण कक्षातल्या अभियंत्याला सल्ला देणे नव्हे, यानाने स्वतःच स्वतःची नाडी बघायची. आज्ञा पोचायला मिनिटे किंवा तास लागत असतील तर दुसरा इलाज काय? २४ ऑक्टोबर १९९८ला सुटलेले डीप स्पेस-१ हे मुळातच नव्या तंत्रांची परीक्षा घेणारे यान होते. त्यावर ‘रिमोट एजंट’ नावाची तीन भागांची यंत्रणा चढवली : बेत आखणारा, बेत पार पाडणारा आणि प्रकृती पाहणारा लिव्हिंगस्टन.

१७ मे १९९९ रोजी यान तिच्या ताब्यात दिले. पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी आयन इंजिन बंद व्हायला हवे होते, ते बंद झाले नाही. एजंट गप्प. बिघडले यान नव्हते, डॉक्टरच आजारी पडला होता.

कारण शोधले तेव्हा ते इतके घरगुती निघाले की शेवगावच्या एसटी स्थानकावर बसून समजावता येईल. तुम्ही फलाटाकडे बघता, गाडी लागलेली नाही. ठीक, घोषणा होईल तेव्हा उठू, असे म्हणून बाकावर बसायला वळता. त्या वळण्याच्या क्षणीच घोषणा होऊन जाते. तुम्ही बसून घोषणेची वाट बघता, आणि ती पुन्हा होणार नसते. बेत पार पाडणाऱ्या भागातली एक प्रक्रिया अशीच, बघणे आणि थांबणे यांच्या मधल्या फटीत इशारा चुकून, कायमची बसून राहिली होती. महिनोन्‌महिन्यांच्या चाचण्यांत ही फट एकदाही समोर आली नव्हती. चुटपूट लावणारी गोष्ट पुढे आहे. दोन वर्षांपूर्वी एम्समधल्याच संशोधकांनी गणिती तपासणीने नेमका याच जातीचा दोष त्याच यंत्रणेच्या दुसऱ्या भागात शोधून दाखवला होता. तिथे तो दुरुस्त झाला. इथे बघायचे राहिले.

प्रयोग थांबवला, सहा तासांचा नवा बेत रचला आणि २१ मे रोजी पुन्हा ताबा दिला. मग पृथ्वीवरून खोटी दुखणी घातली. एक इलेक्ट्रॉनिक भाग बंद पडल्याचे सोंग. एजंटने तो पुन्हा चालू केला. एक संवेदक खोटे बोलतो आहे असे सोंग. एजंटने त्याच्याकडे दुर्लक्ष केले. दिशा राखणारे एक छोटे इंजिन चालेना असे सोंग. एजंटने त्याच्याविना चालेल अशी रीत धरली. सगळी उद्दिष्टे पुरी झाली आणि रिमोट एजंटला नासाचा त्या वर्षीचा सर्वोत्तम सॉफ्टवेअरचा मान मिळाला.

खरे दुखणे त्याच वर्षी नोव्हेंबरात आले. यानाचा तारे बघून दिशा ठरवणारा डोळा कायमचा मिटला. तेव्हा रिमोट एजंट चालू नव्हता, त्याचा प्रयोग केव्हाच संपला होता. जमिनीवरच्या माणसांनी महिनोन्‌महिने खपून, विज्ञानासाठी नेलेल्या कॅमेऱ्यालाच दिशा बघायला शिकवले. नवे सॉफ्टवेअर जून २०००मध्ये चालू झाले आणि सप्टेंबर २००१मध्ये ते यान बोरेली धूमकेतूजवळून सुखरूप गेले. कॅमेरा डोळ्याच्या जागी वापरता येईल, ही कल्पना कुठल्याही वहीत नव्हती आणि कुठल्याही नमुन्यातही.

आपल्याकडे या सगळ्याचा कस लागला तो मंगळयानाच्या वेळी. २४ सप्टेंबर २०१४च्या सकाळी मंगळाच्या कक्षेत शिरण्यासाठी मुख्य इंजिन पेटायचे होते. संदेश जायला साडेबारा मिनिटे लागत होती आणि इंजिन चोवीस मिनिटे जळणार होते, त्यातला काही भाग मंगळाआड. बेंगळुरूतल्या कक्षातून मदत करणे शक्यच नव्हते. काय बिघडले तर काय करायचे, कुठला भाग गेला तर कुठला राखीव घ्यायचा, हे आधीच यानात भरून ठेवले होते. त्या दिवशी ते वापरायची पाळी फारशी आली नाही. पुढे जून २०१५मध्ये यान सूर्यामागे गेले तेव्हाही ते स्वतःच्या हिमतीवर राहिले आणि परत बोलू लागले.

व्हॉयेजर-२ मात्र अजूनही चालते आहे. २१ जुलै २०२३ रोजी पृथ्वीवरून चुकीची आज्ञा गेली आणि त्याची अँटेना पृथ्वीपासून दोन अंश बाजूला वळली. संपर्क तुटला. अंतर १,९९० कोटी किलोमीटर. यानात वर्षातून काही वेळा आपोआप पृथ्वीकडे तोंड करण्याचा जुना नियम होता. त्यानुसार ते १५ ऑक्टोबरला वळले असते. जेपीएलच्या लोकांना तेवढा धीर धरवला नाही. त्यांनी कॅनबेराच्या मोठ्या तबकडीवरून सगळी ताकद लावून एकच आज्ञा पाठवली, पृथ्वीकडे वळ. तोंड फिरवून बसलेल्या माणसाला हाक मारावी तशी. साडेअठरा तास जायला, साडेअठरा तास यायला. ४ ऑगस्टला आकडे पुन्हा येऊ लागले. ती हाक ऐकली त्याच राखीव रिसीव्हरने, कपॅसिटर गेलेल्या, तापमानाबरोबर सूर सरकणाऱ्या, एप्रिल १९७८पासूनच्या.